मामांच्या जहाजावरचे ओघळ

मामींचा फोन आला तेव्हा मी कारंज्याला घरी होते, ऑफिसचा डबा भरायच्या बेतात. मामी सकाळी सहसा फोन करत नाहीत. "नंदा, तुहे मामा गेले वं," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.  मग त्याच सपाट आवाजात त्यांनी विचारलं, "अन् ते जहाज ओलंच हाये अजून. कुठं ठेवू?"

दुसऱ्या कुणाला हा प्रश्न विचित्र वाटला असता. मला वाटला नाही. "हात लावू नका, मी येते," एवढंच म्हणाले आणि मंगरूळपीरची एसटी धरली. पोहोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि आतल्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर, हातभर लांबीचं लाकडी जहाज दोन ठोकळ्यांवर ठेवलेलं होतं. खालून लाल, वरून निळं. निळा रंग त्यांनी आदल्या संध्याकाळी एकट्यानं दिला होता. त्या रंगाला डाव्या बाजूनं पाच-सहा ओघळ आले होते... जाड, खाली टोकाला थेंब धरलेले. मामांच्या हातून असा रंग मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता.

आता सात आठवडे झाले. त्या ओघळांचं काय करायचं, हे ठरवायला मला एवढे दिवस लागले, म्हणून हे लिहिते आहे.

मामा मुंबईला गोदीत जहाजं रंगवत. निवृत्त झाल्यावर मंगरूळपीरला दोन खोल्या बांधून राहिले. माझे आईवडील आसेगावजवळच्या खेड्यात मजुरी करायचे. मी बारावी झाले तेव्हा आता पुरे झालं शिक्षण, असं घरात जवळजवळ ठरलंच होतं. मामा बातमी ऐकून सकाळच्या बसनं आले, चहासुद्धा न घेता माझ्या वडिलांना म्हणाले, "पोरगी माह्याकडं राहीन. कालेज घरापासून दहा मिनिटं हाये. तुमी फक्त हो म्हना." वडील हो म्हणाले. आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. या एका वाक्यामागे ती सकाळ आहे.

मी राहायला गेले त्याच पावसाळ्यात मामांनी शिवणीच्या लाकडाचा एक ठोकळा आणला होता. शिवण हलकी आणि कोरायला मऊ. रोज जेवण झालं की ते अंगणात बसून पटाशीनं जहाजाचं पोट कोरत. वाशीम जिल्ह्यात समुद्र नाही, तेव्हा येणारा-जाणारा बोलणारच. शेजारचे गजाननभाऊ मेथी-पालक पिकवायचे आणि बाजारात न्यायचे. ते कुंपणावरून विचारत, "मामा, माही मेथी कारंज्याच्या बाजारात नेईन का हे जहाज?" मामा मान वर न करता म्हणत, "नेईन. पन तुमाले नाही बसवणार, बुडन." मामींचं निराळंच. "जिंदगीभर जहाजच पाह्यले, तरी पोट नाही भरलं यायचं," असं त्या भांडी घासता घासता मला ऐकवत.

एकदा मीच विचारलं, "मामा, कायले करता हे?" त्यांनी पटाशी खाली ठेवली. म्हणाले, "पोरी, आमाले जहाज दिसेच ना. दोरावर फळी बांधायची, तिच्यावर बसायचं, अन् समोर पाह्यलं तं निरा पत्रा. दोन हात इकडं, दोन हात तिकडं. तेवढं रंगवायचं अन् फळी सरकवायची. रंग पुरा झाला की जहाज गेलं पान्यात, आमी दुसऱ्याच्या फळीवर." मग पुन्हा पटाशी उचलत म्हणाले, "एक पुरं जहाज रंगवलेलं पाहाचं हाये मले. लांबून. एका नजरेत."

माझ्या मामांना एवढंच हवं होतं.

आकार आल्यावर घासकाम सुरू झालं आणि त्यात त्यांनी मला ओढलं. आधी जाड पॉलिशपेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. खड्डे पुट्टीनं भरायचे, वाळू द्यायचे, पुन्हा घासायचे. परीक्षेचा अभ्यास करून डोकं जड झालं की मी अर्धा तास घासत बसायची. मामा शेजारी पेपर वाचत. 

अस्तराच्या, म्हणजे रंगाखालच्या पहिल्या थराच्या, वेळी माझ्या हातून चूक झाली. मामा काही कामानं बाहेर गेले होते. आपण पहिला हात देऊन ठेवू, ते खूश होतील, असं मला वाटलं. मी नुकतीच केसांना खोबरेल लावून वेणी घातली होती, हात ओढणीला पुसले आणि घासलेलं जहाज दोन्ही हातांनी उचललं. अस्तर दिलं तर काही ठिकाणी रंग लाकडावर बसेचना, बाजूला पळायचा. मी त्यावर आणखी रंग दिला, तो पुन्हा पळाला. मामा आले, जहाज उजेडात धरलं, माझ्या वेणीकडे पाहिलं. "इथं अंगठा होता तुहा. इथं चार बोटं. पोलिसाले दाखवाले चाल्ते हे." मी रडायला लागले. त्याच आठवड्यात माझा इंग्रजीचा निकाल लागला होता आणि त्यात मी नापास झाले होते. ते त्यांना माहीत होतं. म्हणाले, "रडून कायले राह्यली? रंग चुकला तं खरडायचा. वरून दुसरा हात देऊन झाकाचा नाही, तो कधी ना कधी निघतेच." तीन दिवस मी ती बाजू खरडत होते, लाकूड लागेपर्यंत, मग टर्पेंटाइननं पुसून पुन्हा बारीक पेपर. मामांनी एकदाही हात लावला नाही. इंग्रजीचा पेपर मी पुढच्या वेळी काढला. त्याआधी महिनाभर रोज संध्याकाळी ते माझ्यासमोर बसायचे, एक अक्षर न समजता, मी मोठ्यानं वाचते आहे की नाही हे ऐकत.

पाण्याखाली राहतो तेवढा भाग लाल, वरचा निळा; ती रेघ कुठं येते हे जहाज पाण्यात सोडल्याशिवाय कळत नाही. पाणी कुठं? गजाननभाऊंच्या मळ्यात भाजी धुवायचा हौद होता. तिथं गेलो. जहाज सोडलं तर ते डाव्या अंगाला कलंडलं. "दारू पाजली का मामा?" गजाननभाऊ म्हणाले. मामांनी आत एकेक गोटा ठेवत ते सरळ केलं. पालकाची पानं भोवती तरंगत होती. पाणी हलायचं थांबल्यावर मामांनी खिळ्यानं चार ठिकाणी खुणा केल्या. तेव्हा ते हौदाच्या काठावर उकिडवे बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मी एरवी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. 

मी पदवीधर झाले त्या उन्हाळ्यात खालचा लाल रंग झाला. तीन हात, आम्ही दोघांनी मिळून. वरचा निळा तू द्यायचा, असं मामांनी ठरवून टाकलं. मग मला कारंज्याला नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. जहाज कपाटावर गेलं. मी विचारायची तेव्हा मामा म्हणत, "राहू दे, लाकूड काही खात नाही मागत." पुढं त्यांच्या हाताला कंप सुटला. चहाची बशी वाजायला लागली तेव्हा त्यांनी जहाज खाली काढलं. निळ्याचा डबा आणून ठेवला. दर फोनला शेवटी विचारत, "या रविवारी येतं का?" मी म्हणत होते, पुढच्या रविवारी. मुलीची परीक्षा होती, पाहुणे होते, कधी नुसताच कंटाळा होता. असे किती रविवार गेले ते मी मोजलेले नाहीत. मोजायची हिंमत नाही.

शेवटी त्यांनी स्वतःच ब्रश घेतला. थरथरत्या हाताला पातळ रंग पसरवता येत नाही, ब्रश एका जागी टेकतो, रंग साठतो आणि ओघळतो. मामी सांगतात, रंग देऊन झाल्यावर ते दारात खुर्ची घेऊन बसले आणि बराच वेळ जहाजाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "नंदाले सांग, डावी बाजू बिघडली." पहाटे झोपेतच गेले.

मामांच्या नावानं पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे परतले, आणि मी मामींना म्हटलं की जहाज मी आहे तसंच नेते, काचेच्या कपाटात ठेवते. ते ओघळ म्हणजे त्यांच्या हाताचं शेवटचं काम, ते मी कसं खरडू? मामी तांदूळ निवडत होत्या. म्हणाल्या, "तुले ओघळात मामा दिसते. लोकाइले ओघळ दिसन." मी म्हटलं, लोकांचं जाऊ द्या. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं. "लोकाइचं गेलं चुलीत. त्यायले पाहाचं होतं ना एक जहाज पुरं? मंग हे पुरं हाये का? सांग."  ज्या बाईनं त्या जहाजाला इतकी वर्षं नावं ठेवली, तिला त्यांचं मन माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. तरी मी महिनाभर गेले नाही. रोज वाटायचं, खरडलं की संपलं...

गेल्या रविवारी गेले. हात साबणानं दोनदा धुतले. पाण्यात भिजवलेला पॉलिशपेपर घेतला आणि डावीकडून सुरुवात केली. पहिला ओघळ जायला बराच वेळ लागला. वरून सुकलेला, आत अजून चिकट होता. पाणी निळं झालं. मी थांबले, पुन्हा घेतलं, पुन्हा थांबले. सगळे गेल्यावर बाजू कोरडी केली, आणि मग ब्रश मुळापर्यंत न बुडवता, एका दिशेनं, पातळ, निळ्याचा हात दिला. जहाज खिडकीखाली ठेवून मी दारापर्यंत मागं सरले. पुरं दिसत होतं. एका नजरेत.

ऊन मी म्हणत होतं. मी घामानं भिजले होते, म्हणून सवयीनं पंख्याचं बटण दाबलं. पाती फिरायला लागली तशा मामी आतून आल्या आणि पंखा बंद केला. मामा रंग दिला की दोन दिवस खोलीत पंखा लावू देत नसत आणि त्यावरून दर उन्हाळ्यात दोघांचं भांडण होई, शेजारीपाजारी ऐकत. "धूळ बसते त्याच्यावर," मामी म्हणाल्या. मग जहाजाकडे पाठ करून उंबऱ्यावर बसल्या, आणि वारा आत जाऊ नये अशा बेतानं, बाहेरच्या बाजूला, पदरानं हळूहळू स्वतःला वारा घालत राहिल्या.