चढावर गेलेला दगड

किलियान राइनफेल्डर पंचेचाळीस वर्षं आमच्या गावच्या सात शपथकऱ्यांपैकी एक होता. जर्मनीतल्या माइन नदीकाठच्या आमच्या भागात शेतांच्या हद्दीचे दगड हे सातजण बसवतात आणि दगडाखाली खुणा पुरतात. खुणा कसल्या, कशा मांडायच्या, हे फक्त सातांना ठाऊक. मीही त्यातलाच. बायकोला सांगितलेलं नाही, तुम्हाला तर नाहीच.

किलियान धंद्याने पाथरवट. खड्डा हातभर म्हणजे हातभर, बोटभर कमी चालायचा नाही. कुठल्या दगडावर बिशपचं चिन्ह, कुठल्यावर सरदाराचं, सगळं तोंडपाठ. "आता दोन्हीकडे बव्हेरियाच," म्हणून तो थुंकायचा. आम्हा फ्रँकोनियन लोकांना बव्हेरियात घातलं त्याला दोनशे वर्षं होत आली. सवय होईल, घाई कसली?

एका मार्चमध्ये वालबुर्गा त्याच्या दारात आली. नवरा गेल्यापासून द्राक्षमळा ती एकटीच बघायची.

"किलियानदादा, माझी सगळ्यात खालची ओळ लोथारकडे गेली. सासऱ्यांनी लावलेल्या वेली आहेत. सोमवारी उपटतो म्हणतोय. म्हणे, दगड बघ कुठे आहे!"

आम्ही सातही जण गेलो. लोथारचा मळा तिच्या खालच्या अंगाला. तो खिशात हात घालून उभा होता.

"बघा काका, दगड काय सांगतोय. उतार आहे, जमीन सरकायचीच."

किलियानने दगड पायाने ठोकून पाहिला. दगड ओळंब्यात, माती घट्ट, वर गवतसुद्धा नीट लावलेलं.

"काम वाईट नाही," तो माझ्या कानात पुटपुटला. मग मोठ्याने म्हणाला, "दोघं पाठ फिरवा."

दोघं नदीकडे तोंड करून उभे राहिले. दगड काढून आम्ही खाली खणलं. नुसती खडी. तीन पावलं खाली, लोथारच्या बाजूला उतरून पुन्हा खणलं. हातभर खाली खुणा, पुरल्या तशाच. किलियानने वर कोट पसरला.

"फिरा आता. लोथार, तुझं बरोबर आहे. दगड सरकलाय."

"मी काय सांगत होतो!"

"पण वर सरकलाय. चाळीस किलोचा दगड आपण होऊन चढ चढला. जन्मात पाहिलं नव्हतं."

लोथारचे कान लाल झाले. "गावातली टवाळ पोरं असतील."

"त्यांना ओळंबा येत नाही. चल, उचल. आम्ही म्हातारे."

लोथारने दगड उचलला, खड्ड्यापाशी आणला.

"थांब. खुणा झाकायच्यात. पाठ फिरव."

"दगड घेऊन?"

"मग काय, ठेवून? मांडलेलं बिघडेल."

लोथार दगड पोटाशी धरून नदी बघत राहिला. किलियान गुडघ्यावर बसून चिमटीचिमटीने माती पसरू लागला.

"काका, आटपा ना! फार जड आहे."

"दुसऱ्या खेपेला वाटतंच," किलियान म्हणाला, आणि आणखी एक चिमूट घेतली.

वालबुर्गाने तोवर कात्री काढून खालच्या ओळीची छाटणी सुरू केली होती.