गोलकीपरचा पसंतीचा फॉर्म

माझी नात फुटबॉल बघताना खेळाडूंना भराभर घरी पाठवत असते. ह्याला बसवा, त्याला विका, पुढच्या वर्षी तीन नवे आणा. मी शेजारी शेंगा सोलत बसते आणि माझं डोकं तापत जातं. तिच्यावर नाही. हैदराबादच्या नल्लकुंट्यातल्या एका अठरा वर्षांच्या मुलीवर, जी हेच करायची आणि जिच्या हातात दुर्दैवानं खराखुरा संघ होता.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, एका सरकारी खात्यात हेडक्लार्क. खात्याचा फुटबॉल संघ होता, कारण तेव्हाच्या हैदराबादेत संघ नसलेल्या खात्याच्या साहेबाला चारचौघांत मान वर करता यायची नाही. नानांना मॅनेजर केलं होतं, ते कुणाशी भांडत नाहीत म्हणून. बॅक कोण आणि हाफ कोण हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही. घरामागच्या मैदानात सराव चालायचा आणि मी गच्चीवर वाळवणाच्या निमित्तानं उभी असायची. दफ्तरातून आले की नाना चहा पीत विचारायचे, उद्या कोणाकोणाला घेऊ गं? मी अकरा नावं सांगायची, ते चिठ्ठीवर लिहायचे आणि सकाळी स्वतःची म्हणून साहेबापुढे ठेवायचे. कुणाला पत्ता नव्हता. मला वाटायचं, पडद्याआडून मीच सल्तनत चालवते आहे. काय ते ध्यान, दोन वेण्या आणि नाकावर राग.

माझी एक वही होती. दर खेळाडूला एक पान. राइट विंगच्या पानावर लिहिलं होतं, ‘पळतो सुंदर, पण चेंडू मागे विसरून.’ सेंटर फॉरवर्डच्या पानावर, ‘सासुरवाडीची माणसं बघायला आली तरच गोल करतो.’ एका बॅकचा गुडघा गेला होता आणि तोंड शाबूत होतं, तेही नोंदवलेलं. फक्त गोलकीपरच्या पानावर टिंगल नव्हती. ‘चेंडूकडे नाही, मारणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतो. भरवशाचा.’ खाली दोन रेघा. त्या हंगामात सिकंदराबादहून येणारा कुठलाही संघ आम्हाला धुऊन जायचा, पण हा माणूस होता म्हणून निदान हरल्यावर घरी येता यायचं. त्याच्याभोवती दोन वर्षांत संघ कसा उभा करायचा, याचा आराखडा मी वहीच्या मागच्या पानांवर काढून ठेवला होता.

मग भाषेवार हैदराबाद राज्यच फोडायचं ठरलं. मराठी मुलूख मुंबई राज्यात, कानडी म्हैसूरकडे, तेलंगण आंध्रात. नोकरीतल्या माणसांनी कुठं जायचं त्याची पसंती फॉर्मवर भरून द्यायची होती. फॉर्म इंग्रजीत आणि नानांच्या हाताखालचे बरेचसे लोक उर्दूत शिकलेले. एक अक्षर चुकलं तर जन्म फुकट जाईल, या भीतीनं कुणी कागदाला हात लावेना. माझं इंग्रजी अक्षर चांगलं म्हणून नाना फॉर्मचा गठ्ठा घरी घेऊन आले. मी भरायचे आणि रविवारी त्यांनी आमच्या ओसरीवर येऊन सह्या करायच्या, असं ठरलं.

गोलकीपर नांदेडजवळच्या खेड्यातला. घरी आई एकटी, थोडं शेत, एक म्हैस. सगळ्यांसमोर तो मला म्हणाला होता, “ताई, पहिली पसंती मुंबई राज्य लिवा. नांदेड मिळालं तर मायजवळ जाता येईल.”

मी हो म्हटलं. आणि दुपारी दार लावून पहिल्या पसंतीत आंध्र लिहिलं, दुसरीत मुंबई.

अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं. हेच मला आजवर गिळता येत नाही. मी मनाशी म्हटलं होतं, आई काय, पुढच्या वर्षीही असेलच; असा गोलकीपर पुन्हा मिळायचा नाही. रविवारी तो आला, त्यानं कागद पाहिला, सही केली, चहा प्यायला आणि गेला. मी मनातल्या मनात फुगडी घातली.

याद्या लागल्या तेव्हा माझ्या सल्तनतीचं काय झालं ते ऐका. सेंटर फॉरवर्ड औरंगाबादला. दोन्ही हाफ गुलबर्ग्याला. राइट विंग परभणीला गेला, चेंडू इथंच विसरून. उरले तिघं: गुडघा गेलेला बॅक, आजवर फक्त लिंबं कापून देणारा आवक-जावकचा कारकून आणि मी राखून ठेवलेला गोलकीपर. कोणी कुठं जायचं ते ठरवणाऱ्यांपैकी एकानंही विचारलं नाही, की बाबांनो, तुम्ही एकमेकांना चेंडू देता का. पण त्यांना शिव्या देण्याचा हक्क मी आधीच घालवून बसले होते. आणि तरी त्या संध्याकाळी मी वही उघडून लिहिलं, ‘दोन वर्षांत संघ उभा राहील.’ कानाखाली वाजवायला तेव्हा कुणी जवळ नव्हतं.

गोलकीपरनं आईला इकडं आणलं. शेत बटईनं दिलं, म्हैस विकली आणि नारायणगुड्यात एका खोलीत माय-लेक राहू लागले. पुढच्या हंगामात एक सामना आमच्या मागच्याच मैदानात होता, तेव्हा नाना म्हातारीला आमच्या गच्चीवर बसवून गेले. खाली शिपाई, कारकून मिळून कसेबसे अकरा उभे केले होते. गोलमागून गोल होत होते आणि तो एकटा डावी-उजवीकडे अंग टाकत होता.

म्हातारी बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, “बाकीचे हितं कशाला उभे हायती गं?”

मला हसू आलं. तेवढ्यात तिनं दुसरं विचारलं.

“पोरी, फारम तूच भरला म्हनं. नांदेडच मागितलं व्हतं ना माझ्या लेकानं?”

“हो,” मी म्हटलं.

तिनं कडाकड बोटं मोडली. नांदेड नाकारणाऱ्याचे हात झडोत, म्हणाली. मी हात पदराखाली घेतले.

दुसऱ्या दिवशी गोलकीपर पुढच्या सामन्याच्या नावांची चिठ्ठी न्यायला ओसरीवर आला, तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. उभ्या उभ्या, एका दमात. तो ओरडेल, नानांना हाक मारेल, असं वाटलं होतं. तो पायातल्या वहाणेकडं बघत राहिला.

“वाचूनच सही केली होती, ताई. मला इंग्रजी येतं तेवढं.”

मग बोलला का नाहीत, म्हणून मी विचारलं.

“मला बी जायचं नव्हतं. मैदान सोडवत नव्हतं. पण मी लिवलं असतं तर मायला तोंड दाखवता आलं नसतं. मी नांदेड म्हटलं तेव्हाच तुम्ही काय लिवणार ते तुमच्या डोळ्यांत दिसलं होतं.”

माझं अंग पेटलं. वर्षभर मी पापाचं गाठोडं घेऊन फिरत होते आणि हा गृहस्थ माझ्या आड बिनघोर उभा होता. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता जाऊन आईला खरं सांगा. तो नको म्हणाला. मग मीच सांगते, म्हटलं. त्यावर तो चिठ्ठी घेऊन चालू लागला. घरात जाऊन मी वही काढली आणि ‘भरवशाचा’वर इतक्या जोरात काट मारली की कागद फाटला. डोळ्यांचं वाक्य तसंच ठेवलं.

आणि गेले मी नारायणगुड्याला, तावातावानं. म्हातारी उंबऱ्यात तांदूळ निवडत होती. बस म्हणाली, सूप माझ्याकडं सरकवलं आणि इथल्या पाणचट दुधाला घरच्या म्हशीच्या धारोष्ण दुधाची सर कशी नाही, ते सांगू लागली. सांगता सांगता सरकारवर आली. पुन्हा हात झडोत म्हणाली. मी तोंड उघडलं. मग मिटलं आणि खडे निवडत राहिले. निवडून संपल्यावर तिनं सूप झटकलं आणि उद्याही ये म्हणाली. ती होती तोवर मी जात राहिले. सरकारनं बिचाऱ्यानं माझ्या आणि तिच्या लेकाच्या वाटच्या शिव्या खाल्ल्या.