गेवराईचा गोलकीपर

निजामाच्या अमदानीत गेवराईच्या हॉकी संघाशी आमची पहिली गाठ पडली ती थेट अंतिम सामन्यात, बीडच्या मैदानावर. त्यांच्या गोलात एक काटकुळा माणूस होता. चेंडू अडवला की मिशीवरची धूळ पुसून तो पुन्हा वाकून उभा राही. माझा एक फटका त्याच्या गुडघ्यावर बसला. सोबती त्याला बाहेर न्यायला आले, तर गुडघ्याला रुमाल करकचून बांधत तो म्हणाला, "पाय मोडला न्हाई अजून. सरका."

शेवटी माझ्याच गोलावर आम्ही जिंकलो. तो लंगडत आला आणि माझा हात दाबून म्हणाला, "लई जोरात मारला. पर पुढल्या साली मी हितंच उभा हाय. तवा मारून दाखवा."

आमचे गडी बक्षिसाची ढाल मिरवत गावात गेले. मी मात्र तिथंच थांबलो आणि रिकाम्या गोलात फटके मारू लागलो.