घोंगडी आणायला गेले आणि अख्खी वाडी बाटवून आले

वडिलांच्या गुडघ्यांना पुण्याची थंडी सोसेना आणि दुकानातली एकही घोंगडी त्यांना पसंत पडेना. "यात लोकर कमी आणि सूत जास्त," असं दुकानदारांना तोंडावर सांगून ते रिकाम्या हातानं घरी यायचे. शेवटी मीच जाहीर केलं, की जिथं घोंगडी विणतात तिथं जाऊन मी ती घेऊन येते. सत्तरच्या दशकाचा मध्य होता, दिवाळी नुकतीच झाली होती. कायद्याची शेवटची परीक्षा देऊन मी मोकळी झाले होते आणि जगात कुणाशीही वाद घालून आपण जिंकू, अशी माझी खात्री होती. ती अजूनही बऱ्यापैकी शिल्लक आहे.

तुम्हाला आज शिरूर-दौंड बाजूला जायचं असेल तर स्वतःची गाडी काढा. तेव्हा शिवाजीनगरहून एसटी धरायची, आणि तिचं भाडं सांगितलं तर हसाल. शिक्रापूरला आज ट्रकांच्या रांगेत जीव जातो. तेव्हा तिथं चिंचेखाली एक टपरी होती, कंडक्टर आणि ड्रायव्हर तिथं निवांत भजी खायचे आणि त्यांचं खाणं होईपर्यंत गाडी हलायची नाही. मीही उतरून खाल्ली. भजी उत्तम होती, चहा मात्र नुसता गूळपाणी.

शिरूरला माझी कॉलेजातली मैत्रीण कुसुम राहायची. तिचे वडील कचेरीत नोकरीला होते. रात्रीच्या जेवणाला ज्वारीची भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा होता. जेवताना मी काकांसमोर माझ्या अभ्यासाची जरा जास्तच फुशारकी मारली. गुन्हा कशाला म्हणायचं ते आता मला विचारा, असं काहीतरी मी म्हणाले.

काका हसले. "व्हय का? मग सांगा, मेलेलं ढोर न ओढनं कुठल्या कलमात बसतंय?"

मग त्यांनीच सांगितलं, की धम्म घेतल्यावर त्यांच्या लोकांनी ढोरं ओढायचं काम सोडलं, तर गावानं त्यांनाच वाळीत टाकलं. कुणी मजुरीला बोलवेना, दुकानदार मीठ देईना.

"पण कायदा तुमच्या बाजूनं होता," मी म्हटलं.

"कायदा हुता," काका म्हणाले. "गिरनीवाला न्हवता. दळन कुनाकडं टाकायचं?"



दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावऱ्याकडून जाणारी एसटी धरली आणि वडगाव रासाईच्या अलीकडे एका फाट्यावर उतरले. तिथून उसातून पायवाट. चप्पल चांगली घाला, काळी माती पाय सोडत नाही. वाट जिथं संपते तिथं मेंढपाळांची एक वाडी होती. तिचं नाव मुद्दाम देत नाही. लिंबाखाली मोठं पागोटं घातलेले एक म्हातारे लोकर कातत बसले होते. ते वाडीचे मुख्य पंच, सगळे त्यांना आप्पा म्हणत. घोंगडी हवी असं सांगितल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, "शिकलेल्या दिसताय. काय शिकलाय?"

"कायदा."

आप्पांनी हातातली चाती थांबवली. मग शेवटच्या घराकडे बोट केलं. "तिथं जावा. धोंडिबासारखी घोंगडी कुनी इनत न्हाई. उन्हाच्या आलाय, तिथंच भाकर खावा. आन् मग माज्याकडं या, आज आमची बैठक हाय, पंगत हाय."

केवढा अगत्यशील माणूस, असं मला वाटलं.

धोंडिबा मागावर बसला होता. त्याची बायको सखूबाई अंगणात होती. मी पाणी मागितलं तर ती तांब्या हातात धरून उभीच राहिली.

"आमच्यात पिताय?"

"का नाही पिणार?" असं म्हणून मी तांब्या घेतला आणि घटाघटा प्यायले. मग हुलग्याच्या कालवणाबरोबर भाकरी खाल्ली. सखूबाई मला जेवताना बघत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. चुलीचा धूर असेल, असं मी समजले.

घोंगड्या बघता बघता बाहेरच्या मेंढरांकडे लक्ष गेलं. वाडीतली बाकीची मेंढरं कातरून मोकळी झाली होती, यांची मात्र लोकरीनं जड, मळकी. मी कारण विचारलं आणि सखूबाईनं सगळं सांगितलं.

वाडीतल्याच एकानं त्यांचा मेंढा चोरून विकला होता. पंचांनी त्याला शपथेसाठी देवाचा भंडारा, म्हणजे हळद, उचलायला लावला, पुन्हा असं करणार नाही असं वदवून घेतलं, आणि प्रकरण मिटवलं. धोंडिबाला ते पटलं नाही. तो शिरूरला ठाण्यात गेला. पोलीस वाडीवर आले. आणि चोरीपेक्षा तोच मोठा गुन्हा ठरला. पंचांनी भंडारा उचलून सांगितलं, धोंडिबा वाळीत.

"आमच्यात जो कुनी पानी पियील त्योबी वाळीत, आन् त्याच्या पंगतीला बसंल त्योबी वाळीत. कातरायला कुनी येत न्हाई. चार दिसानं वाडा कोकनात निघंल."

वाडा म्हणजे कळप घेऊन एकत्र निघणारी कुटुंबं. एकट्या घरानं घाट उतरायचा तर रात्री राखण करायला माणसं पुरत नाहीत, लांडगे कळप फाडतात. वाडीवर मागं राहावं तर चारा नाही. वाड्यात घेतलं नाही तर मेंढरं विकून टाकायची, एवढंच त्यांच्या हाती उरलं होतं.

मला असा संताप आला, की मी तशीच उठून आप्पांच्या घरी गेले. काय काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. पण ओट्यावर मोठी घोंगडी अंथरलेली, पंच बसलेले, पंगत मांडलेली. आप्पांनी मला थेट स्वतःशेजारी बसवलं. पुढ्यात ताट आलं, आणि मला एकदम उमगलं, की आत्ता तोंड उघडण्यापेक्षा जेवणं जास्त कामाचं आहे. पोट भरलेलं असूनही मी जेवले. एकच तांब्या सगळ्यांत फिरला, त्यातलं पाणीही प्यायले. हात धुतले आणि मग म्हटलं, "मघाशी धोंडिबांच्या घरीही फार छान जेवले."

 एका पंचानं नुकतीच सुपारी तोंडात टाकली होती, त्याच्या तोंडाचा चंबू तसाच राहिला.

दुसरा सावरून म्हणाला, "पाव्हन्याला कुठला नेम? त्या भायेरच्या हायेत."

"भंडारा उचलताना काय म्हणालात? 'जो कुणी' की 'वाडीतला जो कुणी'?"

सगळे आप्पांकडे बघायला लागले. आप्पा सावकाश म्हणाले, "जो कुनी, आसंच म्हनलो हुतो."

"मग मी बाटले, आणि माझ्याबरोबर तुम्ही सगळे."

"आता शुद्ध कुनी करायचं?" चंबूवाल्या पंचानं विचारलं. "शुद्ध करायलाबी न बाटलेला मानूस लागतो. हितं कोन ऱ्हायलाय?"

आप्पांनी भंडाऱ्याची पिशवी पुढं ओढली. मग म्हणाले, "समदेच वाळीत, तर समद्यांनी एकदमच भंडारा लावायचा. धोंड्यालाबी बोलवा. त्यो एकटा कशाला ऱ्हातोय?"

धोंडिबाला हाताला धरून घोंगडीवर बसवलं. सगळ्यांच्या कपाळी हळद लागली, माझ्याही. दुपार कलायच्या आत त्याच्या अंगणात कातरी चालू झाल्या, आणि पहिलं मेंढरू त्या चंबूवाल्यानं धरलं.

मी हवेत होते. पहिलाच खटला, आणि तोही परीक्षेच्या निकालाआधी जिंकला! काखेत घोंगडी घेऊन भीमेकडे निघाले. सखूबाई नावेपर्यंत सोबत आली. मी तिला माझा युक्तिवाद पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकवला.

तिनं तो ऐकून घेतला. मग म्हणाली, "तुमाला आमच्या घरी धाडलं कुनी, ताई?"

"आप्पांनी."

"आन् भाकर तिथंच खावा, आसं कुनी सांगितलं? भंडारा उचलून बोललेलं त्यानला मागं घेता येईना. महिना झाला, वाट बघत हुते त्ये."

डाव आप्पांचा होता, मी नुसती सोंगटी. तरी मी म्हटलं, "म्हणजे आप्पा चांगलेच निघाले की."

"मेंढरं वाचली, त्ये चांगलंच झालं," सखूबाई म्हणाली. "पन येकदा तोंडानं म्हनाया पायजे हुतं, धोंड्या, तुझं चुकलं न्हवतं."

नाव सुटली. ती काठावर उभी होती, कपाळाला हळद तशीच.

पलीकडे दौंड तालुका. गुऱ्हाळावर गरम गूळ खायला विसरू नका, तो पळसाच्या पानावर घ्यावा. तिथून बैलगाडीनं केडगाव स्टेशन. पुण्याची गाडी थोडक्यात चुकली, तेव्हा मिळेल ती गाडी धरून उलटी दौंडला गेले आणि फलाटावर ऑम्लेट-पाव खात पुण्याच्या गाडीची वाट बघितली. एरवी मला दौंडचा तो गजबजाट फार आवडतो, पण त्या दिवशी काहीच नीट दिसलं नाही. सखूबाईचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं.

वडिलांनी घोंगडी नाकाशी धरली आणि म्हणाले, "ही लोकर." पुढं त्यांनी ती अखेरपर्यंत वापरली. आता ती माझ्या खुर्चीवर असते आणि पावसाळ्यात तिला अजून मेंढरांचा वास येतो.

आप्पांशी माझं भांडण मिटलेलं नाही. शिक्षेतून वाट काढण्यात त्यांच्याइतका हुशार न्यायाधीश मी पाहिला नाही, आणि ती शिक्षाच चुकीची होती हे कबूल करायला इतका भ्यालेलाही. पण नंतर मी वकिलीत आयुष्य काढलं, आणि आमच्याकडेही तेच होतं हे बघितलं. निर्दोष सुटका झाली, की लगेच पुढचं प्रकरण पुकारतात. वर्षानुवर्षं कोठडीत काढलेला माणूस पिंजऱ्यातून उतरतो, आणि त्याच्याकडे कुणी बघतही नाही.

म्हणून मी त्याला व्हरांड्यात थांबवते आणि स्पष्ट शब्दांत सांगते, "तुमचं चुकलं नव्हतं." पुष्कळ जण तिथंच खाली बसून रडतात. मी न्यायाधीश नाही, हे म्हणायचा मला कसलाही अधिकार नाही. तरी म्हणते, आणि सखूबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणते.