मोठेबाबांचा अंदाज

मोठेबाबा संत्र्याच्या झाडाभोवती एक फेरा मारायचे. फेरा पुरा झाला की डोळे मिटून थोडा वेळ उभे राहायचे आणि मग आकडा सांगायचे. "सातशे." बस्स, एवढंच. पुढे तोडणीच्या मजुरांची टोळी येऊन झाड उतरवायची आणि फळं भरायची सातशे दहा, नाहीतर सहाशे नव्वद. बगीचे पाहायला येणारे व्यापारी आधी तिगावला आमच्याकडे चहा घ्यायचे आणि मोठेबाबांना गाडीवर बसवून सोबत न्यायचे. त्यांनी सांगितलेल्या आकड्यावर कोणी वाद घालत नसे. लहानपणी मला वाटायचं, झाडंच त्यांना घाबरून तेवढी फळं धरतात.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उंच, किडकिडीत, पायजमा कायम घोट्याच्या वर. दोन भावांची चूल एकच होती आणि घरातला शेवटचा शब्द त्यांचा. माझे बाबा, दोन मुलांचे बाप झाल्यावरही, त्यांच्यासमोर खाटेवर बसत नसत. तरी आम्हा पोरांना त्यांचा धाक असा नव्हता. बगीच्यात जाताना ते आम्हाला सोबत घेत आणि फेऱ्याचा नियम दर वेळी नव्याने सांगत. "उन्हाच्या बाजूचं फळ पिवळं रायते, ते आपसूक दिसते. सावलीकडचं हिरवं रायते, पानात लपते. म्हून पुरा फेरा माराचा. समोरून पाहून आकडा सांगणाऱ्याले बगीच्यात पाय ठेवू देऊ नोको."

अडचण एवढीच, की हीच नजर ते घरातल्या पोरांवरही लावायचे. दहावीचा निकाल आला की त्या वर्षीचं पोर त्यांच्यासमोर उभं केलं जायचं. गुण ते विचारत नसत. त्यांच्या मुलाला, प्रवीणदादाला पाहून ते म्हणाले, "हा दुकानात बसते. याले चार माणसं लागतात." आज प्रवीणदादाचं पांढुर्ण्याला मोबाइलचं दुकान आहे आणि सकाळपासून तिथे चार माणसं बसलेली असतात, त्यातला एखादा गिऱ्हाईकही असतो. त्यांच्या मुलीबद्दल, वर्षाताईबद्दल ते म्हणाले, "हे मास्तरीण होते." वर्षाताई तेव्हा शेळ्यांनासुद्धा नाव घेऊन रागवायची. ती आता सौंसरला शाळेत शिकवते. दोन आकडे असे तंतोतंत भरल्यावर तिसऱ्यावर शंका कोण घेणार? तिसरी मी.

माझ्या दहावीच्या उन्हाळ्यात मोठेबाबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. घरातल्या सगळ्यांनी हात लावून पाहिला आणि काटा आणखी आत गेला. शेवटी मी सुई घेतली आणि काढला. मोठेबाबा टाचेकडे न पाहता माझ्या बोटांकडेच पाहत होते. "हात थरथरला नाही पोरीचा," ते म्हणाले. "हे डॉक्टरीण होते." झालं. मोठीआईने, म्हणजे त्यांच्या बायकोने, संध्याकाळपर्यंत गल्लीत सांगून टाकलं. बोरगावच्या आत्याने तर फोन करून गुडघ्यावर कोणती गोळी घेऊ म्हणून विचारलं. मी तेव्हा सोळा वर्षांची होते आणि मला फक्त काटा काढता येत होता.

मला खरं काय आवडत होतं ते घरात कोणालाच माहीत नव्हतं. अकरावी-बारावीला मी तिगावहून पांढुर्ण्याच्या शाळेत जायचे. परतीच्या गाडीला तासभर वेळ असायचा आणि थांब्यासमोर मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. आधी मी दारात उभी राहून बघायचे, मग स्टुलावर बसून बघायला लागले. पुढे दुकानाच्या मिस्त्रींनी माझ्या हातात कागद दिला आणि मोटरच्या खाचांमध्ये तो कसा बसवायचा ते दाखवलं. जळलेली तार काढायची, नव्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजून भरायचे. एक वेढा इकडचा तिकडे झाला की मोटर पुन्हा जळते. शाळेत मन लागत नसे, पण तिथे माझा तास कसा जायचा ते कळत नसे. घरी मात्र मी गाडी उशिरा आली म्हणून सांगायचे. मोठेबाबांनी एकदा सांगितलेला आकडा कमी करण्याची आमच्या घरात रीतच नव्हती, मग तो मी कसा करायचा?

बारावीनंतर नागपूरला मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचं कोचिंग लावलं. घरी मराठी, शाळेत हिंदी आणि तिथे सगळं इंग्रजीतून. मुली विचारायच्या, "तू एमपीची? मग मराठी कशी बोलतेस?" मी परीक्षा दिली आणि नंबर लागला नाही. मोठेबाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "झाडाचं पाणी महिनाभर तोडा लागते, तवा त्याले फूल येते. अजून एक साल पाहू." दुसऱ्या वर्षीही नंबर लागला नाही. त्यांनी पुन्हा तेवढ्याच मायेने तेच सांगितलं, आणि मला त्या मायेचीच भीती वाटायला लागली. ते रागावले असते तर मी भांडले असते. माझे केस गळत होते. मोठीआई रोज तेल लावून द्यायची आणि गळलेले केस पदरात लपवायची.

त्याच उन्हाळ्यात आमच्या विहिरीवरची मोटर जळली. संत्र्याची फळं बोराएवढी झाली होती. चार दिवस पाणी तुटलं असतं तर सगळी खाली आली असती. मोठेबाबा आणि मी प्रवीणदादाच्या गाडीत मोटर घालून पांढुर्ण्याला गेलो. मी मनात म्हणत होते, मिस्त्रींनी मोठेबाबांसमोर ओळख दाखवू नये. दुकानात पाहतो तर मिस्त्रींच्या उजव्या हाताला प्लास्टर आणि दारात सहा मोटरी रांगेत. मोठेबाबा हात जोडायला लागले तेव्हा मिस्त्री माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मेरा हाथ टूटा है, इसका नहीं. बैठ बेटा."

मी बसले. दुसरं काय करणार होते? जुनी तार काढली, खाचा साफ केल्या, कागद बसवला आणि वेढे भरायला लागले. मोठेबाबा बाकावरून काहीतरी विचारायला लागले तेव्हा मी मान वर न करता हात उचलून त्यांना थांबवलं. आमच्या घरात आजवर असं कोणी केलं नव्हतं. ते हळूच म्हणाले, "मोजून राहिली काय? मंग मी नाही बोलत." मी मोजत राहिले. थोड्या वेळाने ते उठले आणि माझ्या मागून वळसा घालून पलीकडे, दुकानाच्या अंधाऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले. वेढे संपल्यावर मी वर पाहिलं, तर त्यांचे डोळे मिटलेले होते.

दुसऱ्या दिवशी तारेवरचं वार्निश वाळल्यावर मोटर विहिरीवर बसवली. पाणी आलं. मोठेबाबा दांडात, पाटाच्या वाहत्या पाण्यात पाय सोडून बसले.

"हे कधी शिकली वं?"

"अकरावीपासून."

"मले काहून नाही सांगतलं?"

"तुमचा आकडा सांगून झाला होता, मोठेबाबा."

ते झाडांना पाणी पोचेपर्यंत तसेच बसून राहिले.

आठ दिवसांनी वर्षाताईच्या मुलाचं बारसं आमच्याकडेच झालं. सगळे नातेवाईक जेवायला बसले होते, आणि मोठेबाबा नेहमीप्रमाणे हातात वरणाची बादली घेऊन स्वतः वाढत होते. बोरगावच्या आत्याने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय डॉक्टरीणबाई, औंदा तरी लागला ना नंबर?" मी पानाकडे पाहत बसले. मोठेबाबा पंगतीच्या मधोमध थांबले.

"अंदाज चुकला," ते म्हणाले.

लोकांना वाटलं, कोणत्या तरी बगीच्याचं बोलून राहिले. "पोरीचा म्हणतो मी," त्यांनी बादली खाली ठेवली. "माहा चुकला, तिचा नाही. मी उन्हाच्या बाजूनं पाह्यलं अन् आकडा सांगून मोकळा झालो. फेरा मारलाच नाही. हे मोटरीचं काम शिकते."

माझे बाबा, जे त्यांच्यापुढे कधी बोलत नसत, ते बोलले. "पण दादा, लोकं काय म्हणतीन?"

"म्हणतीन, बुढ्याची नजर गेली. म्हणू दे ना." आणि बादली उचलून ते पुढच्या पानावर वरण वाढायला लागले. मी उठून न्हाणीघरात गेले आणि पोटभर रडले. दोन वर्षांत मला पहिल्यांदा भूक लागली होती.

लोक खरंच तसं म्हणाले. त्या हंगामात एक जुना व्यापारी बगीचा पाहायला दुसऱ्याच माणसाला घेऊन गेला. त्याची गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा मोठेबाबा ओट्यावरच बसलेले होते. त्यांनी त्याला हात केला आणि चहाचं विचारलं. त्याबद्दल माझ्यापाशी त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. मला मात्र ती गाडी अजून आठवते.

आयटीआयत माझं नाव घालायला तेच आले. मला फाटकाशी उभं करून ते एकटेच इमारतीच्या मागे गेले आणि दुसऱ्या बाजूने परत आले. "मागून बी बरी हाय," म्हणाले. "जाय आता." आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. दर शनिवारी घरी गेले की ते विचारायचे, "या हप्त्यात काय जळलं अन् काय चाललं?" मी सांगायचे, आणि मोठीआई म्हणायची की या दोघांच्या बोलण्यात आपली डाळ शिजत नाही.

आता मी बोरगावला एका कारखान्यात मोटरींचंच काम करते. मोठेबाबांनी त्या बारशानंतर एकाही पोराचा आकडा सांगितला नाही. गल्लीतल्या बाया दहावीचं पोर घेऊन यायच्या, तर ते पोराला जवळ बसवून संत्रं सोलून द्यायचे आणि म्हणायचे, "फेरा सुरू हाय अजून." बाया निराश होऊन जायच्या. पोरं मात्र जाताना हसत असायची.

शेवटी शेवटी त्यांना दिसेनासं झालं होतं. गेल्या हंगामात एका रविवारी ते म्हणाले, "विहिरीजवळच्या झाडाले फेरा माराचा हाय, चाल." माझ्या खांद्यावर एक हात ठेवून, दुसऱ्या हाताने फांद्या चाचपत ते सगळं झाड फिरले. सावलीच्या बाजूला जरा जास्तच थांबले. मग सवयीने डोळे मिटले. "नऊशे," म्हणाले. पंधरा दिवसांनी दुपारी जेवून खाटेवर आडवे झाले ते उठलेच नाहीत.

तेरवी झाल्यावर टोळी आली. त्या झाडाची फळं वेगळी मोजा म्हणून मी सांगितलं आणि स्वतः समोर बसले. मोठीआई शेताच्या धुऱ्यावर बसली होती. मोठेबाबा गेल्यापासून ती कोणाशी फारसं बोललीच नव्हती. आठशे बेचाळीस भरली. टोळीचा म्होरक्या माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "नऊशेच झाली म्हून सांगतो मोठ्याबाईले." मी नको म्हटलं.

"मोठीआई," मी मोठ्याने म्हणाले, "अंदाज चुकला. अठ्ठावन्न कमी."

तिने झाडाकडे पाहिलं. मग पदर तोंडाला लावून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

"पुरा फेरा मारला होता ना त्यायनं?"

"पुरा. माह्या खांद्यावर हात ठेवून."

"मंग चालते," मोठीआई म्हणाली.