नाव सांगणारा नत्थूकाका

आमचे आजोबा स्वतःचं नाव स्वतःच्या तोंडानं कधीच सांगत नाहीत. मालगुजारी होती, चौदा गावं होती, तेव्हापासूनची रीत. कुठंही गेले की नत्थूकाका दोन पावलं पुढं होऊन सांगणार, "देवराव वामनराव जगताप, महालवाले." मग आजोबा आत जाणार. गावं जाऊन पंचवीस वर्षं झाली, घोडागाडी गेली, मोटार गेली, नत्थूकाका मात्र आहे, आजोबांचाच जुना कोट घालून. चाळीस वर्षं झाली त्याला आमच्याकडे. बँकेत, पोस्टात, डोळ्यांच्या दवाखान्यात, सगळीकडे तोच सांगतो. दवाखान्यातला कंपाउंडर एकदा हसला तर त्याला म्हणाला, "हसून काय राहिला गा, लिही ना."

अन् या जानेवारीत त्याचा आवाजच गेला.

घशाला काहीतरी झालं होतं. डॉक्टर म्हणाले महिनाभर बोलायचं नाही, मग बघू. आवाज येईल असं काही ते म्हणाले नाहीत. कानाशी तोंड नेऊन फुसफुसला तरच कळायचं. आणि नेमकी त्याच आठवड्यात उमरेडला सीलिंगची सुनावणी. जादा जमीन सरकार घेणार, आपल्याकडे कोणती ठेवायची ते आजोबांनी हजर राहून सांगायचं. पुकाऱ्याला हजर नसले तर साहेब आपल्या मनानं ठरवणार. आजोबांना ठेवायची होती उमरेडलाच नाल्याकाठची सात एकर, कारण तिथं नत्थूकाकाचं घर आहे. तो आठवडाभर आमच्याकडे असतो, रविवारी तिकडं जातो. तिथं त्याची रुखमाबाई राहते, वांगी-मिरच्या लावते. ती जमीन गेली की दोघं रस्त्यावर. घरात हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलत कोणी नव्हतं.

बाबा गावाला गेले होते, म्हणून कॉलेज बुडवून मीच निघाली. एस.टी.त नत्थूकाका सारखा मफलर सोडायचा, परत बांधायचा, हळूच खाकरून बघायचा. मी म्हणाली, "काका, मी सांगीन ना नाव." त्यानं आजोबांकडे बघितलं अन् नाही म्हणून मान हलवली. आजोबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांनी ऐकलं असणार, नक्की ऐकलं असणार.

तहसीलीच्या व्हरांड्यात दोन तास गेले. मग चपराशी बाहेर आला. "देवराव वामनराव जगताप, हाजिर है?"

नत्थूकाका उठला, तोंड उघडलं, नुसती हवा. आजोबा बाकावर ताठ बसलेले, जसं काही ते नाव दुसऱ्याच कोणाचं आहे. चपराशानं दुसऱ्यांदा पुकारलं. माझ्यानं राहवलं नाही, मी ओरडली, "आहेत, इथंच आहेत."

"तू देवराव आहेस काय वं?" चपराशी म्हणाला. "ज्याचं नाव त्यानं बोलावं लागते."

लोक हसले. नत्थूकाका खाली बसला अन् त्यानं आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याला आजोबांना असा हात लावताना मी कधी बघितलं नव्हतं.

तिसरा पुकारा झाला. आजोबा उठले. "देवराव," म्हणाले, अन् थांबले. "देवराव वामनराव जगताप. आम्ही... मी आहे."

"जरा जोरानं बोला ना, बुढेबाबा."

आजोबांनी परत सांगितलं.

आत साहेबांनी विचारलं, कोणती ठेवता? आजोबा म्हणाले, नाल्याकाठची. साहेब म्हणाले, नंबर सांगा. आजोबांना नंबर कुठून माहीत असणार? नत्थूकाकानं बोटं दाखवली, दोन, एक, चार.

"दोनशे चौदा," आजोबा म्हणाले. "तिथं घर आहे."

"कोणाचं?" कारकुनानं विचारलं.

"नत्थूचं."

"नत्थू काय? पूर्ण नाव पाहिजे."

आजोबांनी माझ्याकडे बघितलं. मला माहीत नव्हतं. त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली मी, अन् मला त्याच्या बापाचं नाव माहीत नव्हतं, आडनावसुद्धा नाही. कारकुनाचा पेन थांबलेला. मला तिथंच रडू यायला लागलं.

आजोबा वाकले. नत्थूकाकाच्या तोंडाशी कान नेला, दोनदा ऐकलं, अन् सरळ होऊन केवढ्यानं तरी म्हणाले, "नत्थू धोंडबा भुसारी, राहणार उमरेड."

"हळू बोला, ऐकू येते मले," कारकून म्हणाला अन् लिहायला लागला.

साहेब म्हणाले, नोंद घेतली, हुकूम पोस्टानं येईल. बस, एवढंच. ठेवली का गेली, काहीच नाही.

बाहेर आल्यावर नत्थूकाका एस.टी.कडे वळलाच नाही, सरळ आपल्या घराकडे निघाला, जवळजवळ पळतच. आता रुखमाबाई विचारणार अन् हा फुसफुसून सांगणार तरी किती? मी आजोबांना म्हणाली तुम्ही स्टँडवर बसा, अन् त्याच्या मागं पळाली.

रुखमाबाई दारातच उभी होती. "काय झालं वं, जयाबाई? राह्यलं का गेलं?"

नत्थूकाका माझ्या तोंडाकडे बघून राहिला.

"काकी, काकाचं पूर्ण नाव लिहून घेतलं त्यांनी," मी म्हणाली.

"नाव कायले लिवलं? ठेवाले का उठवाले?"