पिवळ्या गाड्या, काटेरी सुट्ट्या

कॉम्प्युटर बिघडला म्हणून फोन करणारा माणूस कधीच नुसतं कॉम्प्युटरचं बोलत नाही. आधी पाऊसपाणी, मग गुडघे, मग मुलाची दहावी, आणि सगळ्यात शेवटी "बरं, ती शीट उघडत नाहीये." त्यामुळे माझ्या नोकरीत पगार जेवढा साठला नाही, तेवढे किस्से साठले!

मी जळगावला एमआयडीसीतल्या एका पाइपच्या कंपनीत आहे. आयटी डिपार्टमेंट. डिपार्टमेंट म्हणजे मीच, दुसरं कुणी नाही. आमची एक ब्रँच धुळ्याला, एक डेपो चाळीसगावला. जळगावला मोठ्या साहेबांनी सगळं नवीन घेतलं, कॉम्प्युटर नवे, एक्सेलचं व्हर्जन नवं. धुळ्याला जुनंच राहिलं. चाळीसगावला कुणाच्या तरी भाच्याने फुकटातलं काहीतरी टाकून दिलेलं. आणि शीट मात्र तीच एक, तिन्हीकडे फिरायची. जळगावहून नटूनथटून निघालेली शीट धुळ्याला पोचेपर्यंत अशी व्हायची, की सख्ख्या आईने ओळखू नये!

* * *

धुळे ब्रँचचे मॅनेजर म्हणजे आबा. रिटायरमेंटला आलेले, पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. ऑफिसात शुद्ध बोलायचे, पण फोन हातात आला की थेट अहिराणी.

आमच्याकडे डिस्पॅचच्या शीटमध्ये रंग ठरलेले. गाडी भरून तयार असेल तर पोपटी, रस्त्यात असेल तर फिकट नारिंगी, अडकली असेल तर पिवळा. अशी रंगीत शीट धुळ्याला गेली त्या पहिल्याच दिवशी आबांचा फोन.

"भाऊ, जळगावमा काय व्हयनं रे? तुन्या बठ्ठ्या गाड्या पिवळ्या पडी ग्यात. कावीळ व्हयनी का त्यास्ले?"

मी समजावलं, "आबा, तुमच्या जुन्या व्हर्जनकडे रंग मोजकेच आहेत. आमचा रंग त्याच्याकडे नसला की त्याला जो जवळचा वाटतो तो ते लावून टाकतं."

यावर इलाज काढला आमच्या नसीमभाईंनी. नसीमभाई जळगावचे डिस्पॅच सुपरवायझर. सगळ्या गाड्या, सगळे ड्रायव्हर त्यांच्या जिवावर. ते म्हणाले, "साब, रंग जातो ना? मग रंगाचं नाव लिहून टाकू!" आणि त्यांनी प्रत्येक चौकटीत 'पोपटी', 'नारिंगी' असं टाईप करून शीट पाठवली.

दहा मिनिटांत आबांचा फोन. "भाऊ, पोपटी लिखेल शे आनि पिवळं दिखी ऱ्हायनं. मी कोनावर भरोसा ठेवू? डोयास्वर का नसीमभाईवर?"

मी म्हटलं, "नसीमभाईंवर!"

आजतागायत धुळ्याला गाड्या नसीमभाईंच्या भरोशावर चालतात.

* * *

एकदा मी चाळीसगावहून आलेली गेटपासची शीट नसीमभाईंना प्रिंट काढायला पाठवली. तिकडच्या सॉफ्टवेअरमध्ये ती एका पानावर बसत होती. इकडे आली आणि पानाची मापंच विसरली. प्रिंटर थांबेचना!

थोड्या वेळाने नसीमभाई केबिनमध्ये आले. सगळी पानं त्यांनी सेलोटेपने एकाला एक जोडलेली. एक टोक माझ्या टेबलावर ठेवलं आणि उलटे चालत दारापर्यंत गेले.

"साब, गेटपास मांगा था. आपने तो ट्रक की कुंडली बना दी!"

* * *

सुट्ट्यांचा किस्सा मात्र हसण्यावारी जाता जाता राहिला.

आमच्या एचआरच्या वैशालीताई मंजूर रजांची शीट सगळ्या ब्रँचना पाठवतात. त्या वर्षी आबांनी फेब्रुवारीत मोठी रजा टाकली होती. धाकट्या मुलीचं लग्न होतं. शीट धुळ्याला गेली आणि आबांचे फोन बंद झाले. एक नाही, दोन नाही, तीन दिवस धुळ्याहून काहीच नाही! मला वाटलं, देवाच्या कृपेने सगळं नीट चाललंय.

चौथ्या दिवशी सकाळी आबा स्वतःच जळगावच्या ऑफिसात उभे. एसटीने आलेले. चेहरा पडलेला. बरोबर शीटची प्रिंट. ती त्यांनी वैशालीताईंच्या टेबलावर ठेवली.

"ताई, दुसरास्न्या सुट्ट्या बरोबर दिखी ऱ्हायन्यात. मन्ह्या सुट्टीवरच काटेरी तार काब्रं लायी?"

बघतो तर खरंच! इतरांच्या नावापुढे '५ मे', '२ जून' असं नीट छापलेलं. आबांच्या नावापुढे नुसती फुल्याफुल्यांची जाळी. ही अशी: ########. माणसाने बघितलं तर काटेरी तारेचं कुंपणच वाटावं.

"मन्ही पोरनं लगीन शे, हाई तुमले माहीत शे ना?" आबांनी प्रिंटवर बोट ठेवलं.

मी घाईघाईने कॉम्प्युटरवर शीट उघडली. "आबा, इकडे बघा. तुमच्याकडे आमचा फॉन्ट नाही. दुसऱ्या फॉन्टमध्ये अक्षरं जाड झाली. '५ मे' मावलं, तुमचं '१८ फेब्रुवारी' कप्प्यात मावलं नाही. मावलं नाही की ते अशी जाळी दाखवतं." आणि मी मुद्दाम कप्पा अरुंद केला, जाळी दाखवली, मग रेघेवर दोनदा टिचकी मारली. कप्पा रुंद झाला. १८ फेब्रुवारी! पुढे 'मंजूर'. आणि वैशालीताईंनी न मागता वर दोन दिवस जास्तीचे दिलेले!

आबा खुर्चीत बसले. पाणी प्यायले. मग ते एकदम उठले आणि शर्ट नीट केला.

"ताई, आते मी उनूच शे तर आयकीच ल्या. धुळापाईन पाठ करत उनू."

आणि रजेसाठी एसटीत पाठ करत आणलेलं विनंतीचं भाषण त्यांनी म्हटलं. पूर्ण! "आदरणीय महोदय" पासून सुरू. कंपनीचं मीठ, धुळ्याचं ऊन, कधी न काढलेली रजा, धाकटी पोर, तिची आई नाही म्हणून दोघांचीही कामं त्यांनाच करायची आहेत, सगळं. सगळं ऑफिस जागच्या जागी उभं राहून ऐकत होतं. शेवटी "तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा ही नम्र विनंती" म्हणून त्यांनी हात जोडले.

वैशालीताईंनी डोळे पुसले आणि टेबलावर हात आपटला. "मंजूर!"

* * *

हे झाल्यावर मी शहाणा झालो. म्हटलं, आता धुळ्याला शीट पाठवायचीच नाही, पीडीएफ पाठवायची. रंग हलायला नको, कप्पे हलायला नकोत, जसं पाठवलं तसं दिसणार!

आबांचा फोन आला. मी खुशीत विचारलं, "कसं दिसतंय?"

"दिखाले झकास शे," आबा म्हणाले. "पन कितलंबी करा, आपला हातनं त्यामा काहीच बदलता येत नही. भाऊ, तू शीट धाडी का जावाई धाडा?"

* * *

सोनगीरचे नाना आमचे जुने डीलर. हायवेला लागून दुकान. एका वर्षी त्यांच्या भागात पाइप चांगला गेला म्हणून कंपनीने त्यांना प्रमाणपत्र द्यायचं ठरवलं. मजकूर वैशालीताईंनी त्यांच्या जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केला. प्रिंटिंगवाल्याकडे तो फॉन्टच नव्हता. आता ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे: फॉन्ट नसला की मराठीचं पार वाटोळं होतं. नानांचं नाव, गाव, गौरव, सगळ्याच्या जागी इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के आणि स्वल्पविराम!

प्रिंटिंगवाल्याने ते तसंच्या तसं सोनेरी चौकटीत छापून थेट कार्यक्रमाच्या ठिकाणी पोचवलं. मी बघितलं तेव्हा नाना ते छातीशी धरून स्टेजवर फोटो काढत होते.

दुसऱ्या आठवड्यात मी नवीन, बरोबर छापलेलं प्रमाणपत्र घेऊन सोनगीरला गेलो. जुनं दुकानात गल्ल्याच्या वर लावलेलं. मी माफी मागितली, नवीन पुढे केलं. नानांनी ते बघितलं, वाचलं आणि परत दिलं.

"हाई ऱ्हाऊ दे तुनाकडे."

"अहो नाना, यात तुमचं नाव आहे! त्यात काहीच लिहिलेलं नाही!"

"तेच तर बरं शे! हाई कोनीबी वाची टाकी. ते कोनलेच वाचता येत नही, म्हनीसन जो येस तो माले इचारस, नाना, काय लिखेल शे? आनि मी दर टायमाले थोडं वाढाईसन सांगस!"

* * *

आमच्याकडे हिवाळ्यात एकदा भरीत पार्टी होते. गोडाऊनच्या मागे कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, तिन्हीकडचे लोक जमायचे. त्या वर्षी तारीख ठरली बारा जानेवारी. शीटमध्ये लिहिलं, १२/१. चाळीसगावच्या कॉम्प्युटरला अमेरिकन सवय. तिथे आधी महिना आणि मग दिवस. त्याने वाचलं, बाराव्या महिन्याची एक तारीख!

एक डिसेंबरला चाळीसगावचा सगळा डेपो सकाळच्या गाडीने जळगावला हजर. नवीन शर्ट, बरोबर घरून आणलेला ठेचा. गेटवर नसीमभाई. आत कुणाला पत्ता नाही. ना वांगी, ना काड्या.

मी धावत गेटकडे निघालो, की यांना सांगावं, चूक झाली, पुढच्या महिन्यात या. तोवर नसीमभाईंनी एकेकाला मिठी मारून आत घेतलं होतं. "आप लोग तो बराबर टाईम पे आए. हमही लेट हो गए!" आणि दोन पोत्यांसह एक माणूस बाजाराकडे पिटाळला. दुपारी दोनपर्यंत भरीत, पुऱ्या, कांद्याची पात, सगळं ताटात. जाताना त्या लोकांना मी हळूच खरी तारीख सांगितली. बिचारे फार ओशाळले.

बारा जानेवारीला सकाळच्या गाडीने चाळीसगावचा सगळा डेपो पुन्हा हजर!

त्यांचा डेपो इन्चार्ज म्हणाला, "साहेब, ती टेस्टिंग होती. ही फायनल!"

* * *

आता सलीमचा किस्सा.

सलीम आमचा ड्रायव्हर, जळगावचाच. एका दुपारी पाइप घेऊन धुळ्याकडून शिरपूरला निघाला आणि सोनगीरच्या पुढे गाडी उलटली. लोकांनी काढून धुळ्याच्या हॉस्पिटलला नेलं. नसीमभाईंना फोन आला: रक्त खूप गेलंय, ऑपरेशन लगेच करायचंय, रक्त द्यायला माणसं हवीत. जळगावहून धुळ्याला पोचायला दोन तास. नसीमभाई फोन ठेवून तसेच धुळ्याला निघाले. सलीम त्यांच्या गल्लीतला. त्याला गाडी शिकवली होती ती त्यांनीच.

वैशालीताईंकडे सगळ्या स्टाफच्या रक्तगटांची शीट होती. पण नवी फाईल धुळ्याला उघडणार नाही, म्हणून मी ती साध्यातल्या साध्या फॉरमॅटमध्ये बदलली आणि आबांना पाठवली. फोन लावला.

"आबा, उघडली का?"

"उघडनी. पन गट कोठे शे? बठ्ठास्ना पुढे इंग्रजीमा 'नेम' लिखेल शे, आनि प्रश्नचिन्ह!"

वैशालीताईंनी रक्तगट लिहिताना आधी अधिकचं चिन्ह आणि मग अक्षर, '+B' असं लिहिलेलं होतं. फॉरमॅट गेला आणि आबांच्या कॉम्प्युटरला ती बेरीज वाटली. हा 'B' कोण, म्हणून तो नाव विचारत होता.

"आबा, घाबरू नका. कप्प्यावर क्लिक करा, वर जी पट्टी दिसते ना, तिच्यात—"

"भाऊ, ठेव फोन."

"अहो, दोन मिनिटांत होईल—"

"ठेव म्हनस ना!"

फोन बंद. पुढचं आम्हाला नंतर कळलं. आबांनी ऑफिसला कुलूप लावलं. क्लार्क, हमाल, वॉचमन, शेजारचा खतवाला, चहाची गाडी लावणारा, सगळ्यांना लोडिंगच्या पिकअपमध्ये मागे उभं केलं आणि हॉस्पिटलात नेलं. रक्तपेढीच्या खिडकीतल्या मुलीने पहिल्याला विचारलं, "रक्तगट कोणता?" त्याला सांगता येईना. दुसऱ्याला येईना. ती वैतागली. "अहो, एवढे सगळे आलात आणि एकालाही गट माहीत नाही?"

आबा पुढे झाले. "बाई, आमना कॉम्प्युटरलेबी माहीत नही. तुम्हीच तपासा. ज्यानं लागी त्यानं काढा, ज्यानं नही लागी तो पुढला टायमाले ई."

ज्यांचं चाललं त्यांचं घेतलं. आबांचं वय आणि बीपी बघून त्यांना परत पाठवलं, तर ते सगळ्यांचे मोबाईल ओंजळीत धरून बाहेर बाकावर बसून राहिले. नसीमभाई पोचले तेव्हा सलीमला ऑपरेशनला आत नेलेलं होतं. एवढ्या वर्षांत दोघं असे एकटे पहिल्यांदाच भेटत होते. आबांनी मोबाईल बाजूला ठेवले आणि सरकून जागा केली. ऑपरेशन संपेपर्यंत दोघं त्या बाकावर बसून होते. काय बोलले, कुणालाच माहीत नाही.

सलीम वाचला. तीन-चार महिन्यांनी काठी टेकत जळगावच्या ऑफिसात आला, आता गाडीवर नाही तर स्टोअरमध्ये काम करायला. वैशालीताई त्याची नवीन नोंद करत होत्या. नाव, पत्ता, मोबाईल नंबर.

"सलीमभाई, आणि ब्लड ग्रुप?"

सलीमने जरा विचार केला.

"लिहा ताई, धुळे ब्रँच."